घोगऱ्या, पुल्लिंगी

कोंबडीचा कोंबडा असतो, मांजरीचा बोका असतो, म्हशीचा हेला असतो. बदकाच्या नराला मात्र मराठीने वेगळं नाव दिलेलं नाही. 'बदक' हा शब्दच मुळात फारशीतून आलेला, असं जाणकार सांगतात, आणि येताना तो एकटाच आला. संस्कृत कवींनी चक्रवाक आणि चक्रवाकीला रोज रात्री नदीच्या दोन काठांवर बसवून त्यांच्या विरहाची कायमची सोय लावली, पण ते रानातले पक्षी. दारातल्या बदकाला मराठीने नपुंसकलिंगात टाकलं आणि हात झटकले. एकोणीसशे साठ सालापर्यंत सावळखेडात त्यावाचून कोणाचं काही अडलंही नव्हतं.

सावळखेड हे अंजनगाव सुर्जीपासून तीन कोसांवरचं गाव. साठ सालच्या हिवाळ्यात तिथे विकास खात्याच्या ब्लॉकची जीप आली आणि तिच्यातून एक साहेब आणि सात बदकं उतरली. साहेबांनी अंड्यांवर अर्धा तास भाषण केलं, पाणी प्याले आणि निघून गेले. बदकं राहिली. ती कोणाला द्यायची, याचा विचार कागदावर झालेला नव्हता. पाटील मंडळींना हे पाण्यातलं जनावर नको होतं. शेवटी खुशालराव पाटलाच्या पानमळ्याचं पाणी ज्याच्या दारावरून वाहत जात होतं, त्या बुधाजीच्या अंगणात ती नेऊन सोडली. बुधाजी नको म्हणाला नाही. गावाने अंगावर टाकलेल्या गोष्टींपैकी ही त्यातल्या त्यात हलकी होती.

बुधाजीचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास. त्यातली तीस वर्षं त्याने गावाची दवंडी दिली होती. डफडं वाजवायचं आणि चौकाचौकात वरडायचं: सारा भरायची मुदत, कोणाची हरवलेली गाय, देवीची लस टोचायला आलेला माणूस. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने डफडं चावडीच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आता हे तुमचं तुमी वाजवा." आवाज तर त्याआधीच गेला होता. बोलला की सुपात ज्वारी घोळल्यासारखं ऐकू यायचं.

डफडं सोडणं सोपं गेलं. नाव बदलणं अवघड गेलं. तोवर गाव त्याला बुध्या म्हणत होतं. दीक्षेनंतर त्याने भांडण केलं नाही, कोणाला समजावलंही नाही. फक्त 'बुध्या' या हाकेला ओ देणं बंद केलं. तीनदा हाक मारली तरी तो आपल्या चालीने पुढे जायचा. गावाला वाटलं, कानही गेले. दोन वर्षं लागली. सगळ्यांत शेवटी नमला तो खुशालराव. पानमळ्याला पाणी सोडायची वेळ, बुधाजी पाटावर उभा, आणि पाटील बांधावरून "बुध्या, बुध्या" करत घसा कोरडा करतोय. शेवटी पाणी भलत्या वाफ्यात शिरलं तेव्हा घशातून मासळीचा काटा निघावा तसा तो 'जी' बाहेर पडला. बुधाजीने लगेच वळून पाटाचं दार फिरवलं. त्या दिवसापासून तो सगळ्या गावाचा बुधाजी झाला. त्याच्याकडे वावर नव्हतं, बैल नव्हता. हा 'जी' तेवढा त्याने स्वतः कमावलेला होता.

बदकं आली तेव्हा परिस्थिती अशी होती.

सातांपैकी पाच बदकं दिवसभर कालवा करायची. दोन गप्प असायची, मान मोरपंखी हिरवी, शेपटीवर एक पीस वर वळलेलं, आणि बोललीच तर फुटक्या बासरीतून हवा गेल्यासारखं काहीतरी. महिना गेला तरी अंडं नाही. एके दिवशी खुशालराव मळ्यातून परतताना थांबला. सोबत त्याचा अकोटचा साळा किसनराव होता.

"बुधाजी, तुले फसवलं ब्लॉकवाल्याईनं," खुशालराव म्हणाला. "पाच नर देल्ले अन् दोन माद्या. म्हून अंडे नाईत."

"कायच्यावरून म्हणता पाटील?"

"आता हेबी सांगू काय? कोंबडा वरडते का कोंबडी?"

यात चूक काढायला जागा नव्हती. सावळखेडाने आजवर दारात बांग देणारा एकच पक्षी पाहिला होता आणि तो नर होता. चार माणसं जमली, चौघांनी माना डोलावल्या.

बुधाजी बसल्या जागेवरून म्हणाला, "वरडते थे मादी हाय. गप बसते थो नर."

"काहून बाप्पा?"

"मी तीस वर्सं वरडलो या गावात. मी काय गावचा मालक होतो?"

कोणी हसलं नाही, आणि मग सगळेच हसले. आतून बुधाजीची बायको कौशल्याबाई, जिचा आवाज नदीपलीकडे जायचा, म्हणाली, "अवो, खरं सांगून राह्यले थे! म्या रोज पाहून राह्यली!" हा तिने आपल्या बाजूचा पुरावा म्हणून दिला होता. त्याचा उपयोग पुढे दुसऱ्याच कामी झाला.

खुशालरावाने दोन वरडणारी बदकं उचलली. "किसनरावाच्या पाव्हणचाराले नेतो. नर त नर, रस्सा बरा होईल."

"न्या," बुधाजी म्हणाला, "पण दोन दिवस कापू नोका."

तिसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावाच्या गोठ्यात कडब्यावर दोन अंडी निघाली. हिरवट, कोंबडीच्या अंड्याहून मोठी. किसनरावाने ती हातात घेऊन पाहिली आणि भाटव्याकडे, म्हणजे खुशालरावाकडे, बघितलं. रश्शाचा बेत राहून गेला.

हरलेल्या माणसाला कुठेतरी वचपा काढावाच लागतो. बदकं परत करायला आलेला खुशालराव अंगणात उभा राहिला, त्या गप्प नराकडे बघत राहिला, आणि एकदम म्हणाला, "अरे, हा तं हुबेहूब बुधाजी हाय! आवाज पाहा. चाल पाहा. अन् वरडाले घरात बायको हाय!"

या वेळी मात्र सगळे एकदमच हसले. कौशल्याबाईसुद्धा हसली. त्याचं तिला पुढे तीन वर्षं वाईट वाटलं.

शब्द असे रुळतात. त्यांना मुहूर्त लागत नाही, गरज लागते, आणि गरज खरीच होती. आठवडाभरात गाव 'दोन बुधाजी अन् पाच बदकं' म्हणू लागलं. पुढे अंडी कोंबड्यांखाली उबवली, पिल्लं झाली आणि घरोघर गेली. तेव्हा 'आमच्याइथी तीन बुधाजीच निंगाले' अशा तक्रारी ऐकू येऊ लागल्या. कालांतराने अनेकवचन 'बुधाज्या' असं सिद्ध झालं. ग्रामपंचायतीच्या बैठकीत जो सदस्य तोंड उघडत नसे, तो 'बुधाजीवानी बसते' अशी लाक्षणिक भर पडली. किसनरावाने एक जोडी अकोटला नेली, आणि जोडीबरोबर शब्दही एसटीत बसून अकोला जिल्ह्यात गेला.

बुधाजीने आधी जुना उपाय करून पाहिला. लक्ष दिलं नाही. पण 'बुध्या'ला ओ न देणं त्याच्या हातात होतं. 'बुधाजी'ला ओ दिल्याशिवाय कसं चालेल? एकदा तो पाटलांच्या गल्लीतून जात होता. मागून खुशालरावाच्या बायकोचा, वच्छलाबाईचा, आवाज आला, "बुधाजी, हट! हट म्हणतो नं!" बुधाजी रस्त्याच्या कडेला झाला. वळून पाहिलं तर अंगणात तुरीची डाळ वाळत होती, डाळीत बदक होतं, आणि बाईचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं.

त्या दिवशी तो जेवला नाही. कौशल्याबाईला म्हणाला, "दोन वर्सं लागली याईले 'जी' म्हणाले. बदकाले एका दिवसात म्हणाले लागले."

आणखी वाईट पुढेच होतं. त्रेसष्ट साली अमरावतीच्या एका कचेरीने अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या पक्ष्यांच्या स्थानिक नावांचं पुस्तक काढायचं ठरवलं. शाळाशाळांत छापील तक्ते आले: पक्षी, मादीचे नाव, नराचे नाव, नावाचे कारण. सावळखेडचे हेडमास्तर शेषराव गुरुजी प्रामाणिक माणूस. तीन संध्याकाळी बसून त्यांनी तक्ता भरला. बदकापुढे नराच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'बुधाजी' लिहिलं, कारणाच्या रकान्यात 'येथील एका इसमाशी साम्य' असं लिहिलं, आणि टपालात टाकलं. मग बुधाजी रस्त्यात भेटला तेव्हा आनंदाने सांगितलं, "बुधाजी, तुमचं नाव आता छापून येणार! साऱ्या वऱ्हाडात!"

बुधाजीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुर्जी, छापलेलं मोडता येते काय?"

"छापलेलं? ते आता शंभर वर्षं राहतं."

दुसऱ्या दिवशी बुधाजी पहिल्या एसटीने अमरावतीला गेला. बरोबर टोपलीत एक नर घेतला होता, वर फडकं बांधून. कागद आणि फिर्याद यांवर त्याचा विश्वास नव्हता. वस्तू दाखवली की काम होतं, असा गोठ्यातला अनुभव होता.

पुस्तकाचं काम मोहरील नावाच्या साहेबांकडे होतं. बारीक अंगाचे, टेबलावर तक्त्यांचे ढीग. त्यांनी वर न बघता विचारलं, "नाव?"

"बुधाजी."

मोहरीलांनी टोपलीकडे पाहिलं. "ते पक्ष्याचं. तुमचं विचारलं."

"माहंच सांगून राहिलो."

मोहरीलांनी लेखणी खाली ठेवली. सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली, दोनदा 'वा' म्हणाले, आणि ढिगातून दोन तक्ते काढले. "हे पाहा. एक तुमच्या गावचा, एक अकोटचा. दोन जिल्ह्यांतून एकच शब्द. इतका चांगला पुरावा मला कावळ्याच्या नावालासुद्धा मिळाला नाही."

"छापू नोका साहेब."

"अहो, मी कोण छापणारा? लोक म्हणतात ते मी लिहितो. शब्द हा लोकांचा असतो. त्यावर कोणाला हरकत घेता येत नाही."

"शब्द लोकाईचा असन," बुधाजी म्हणाला. "नाव माहं हाय."

मोहरीलांनी चष्मा काढून पुसला. यावर नियम कुठला लागतो ते त्यांना आठवेना. म्हणाले, "बरं. पण मग याला म्हणायचं काय? रकाना मोकळा सोडता येत नाही."

टोपलीतल्या नराला उकडत असावं. फडक्याखालून त्याने दोनदा आपला तो खरखरीत आवाज काढला.

"घोगऱ्या," बुधाजी म्हणाला.

"असं कोणी म्हणतं?"

"मी म्हणतो."

"एकाच माणसाने म्हटलं तर त्याला शब्द म्हणत नाहीत."

"किती लागतात?"

हा प्रश्न मोहरीलांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी छताकडे पाहिलं आणि जागच्या जागी नियम केला: दोन गावं, दोन जिल्हे, आणि बोलणारा नात्यातला नको. "दिवाळीनंतर मजकूर छापखान्यात जाईल. त्याआधी मी अकोटच्या बाजारात येणार आहे. तुमच्या गावचं हेडमास्तरांकडून लिहून मागवीन, अकोटचं तिथे स्वतः विचारीन. लोक घोगऱ्या म्हणाले तर घोगऱ्या. बुधाजी म्हणाले तर माझा इलाज नाही."

म्हणजे हातात तीन महिने होते.

परतताना बुधाजीने एसटीत मनाशी हिशेब केला. दवंडी द्यायची नाही, ते ठरलेलंच होतं. आणि दवंडीने माणसं ऐकतात, बोलत नाहीत. घरी येऊन त्याने कौशल्याबाईला सगळं सांगितलं. ती जात्याचा खुंटा धरून म्हणाली, "लोकाईले काय पाह्यजे? अंडे. अंडे कोण देते? मादी. लोकाईच्या घरी तं नरच निंगाले. मादी कोणाजवळ हाय? आपल्याजवळ."

दुसऱ्या दिवसापासून सावळखेडात नवा करार सुरू झाला. ज्याला हवी त्याला कौशल्याबाई बदकाची मादी फुकट देई. अट एक: तिच्याबरोबर एक घोगऱ्याही न्यायचा, आणि त्याला घोगऱ्याच म्हणायचं. जुनं नाव तोंडातून निघालं तर मादी परत. घोगऱ्या ठेवून घ्या.

गावाला गंमत वाटली. फुकटच्या बदकापायी अठरा घरांनी हो म्हटलं. पंधराव्या दिवशी वच्छलाबाईच्या तोंडून न्हाणीपाशी निघून गेलं, "या बुधाजीनं सारा चिखल केला बाई!" शेजारणीने ते पोचवायला वेळ लावला नाही. ऊन डोक्यावर असतानाच कौशल्याबाई पाटलाच्या अंगणात उभी.

"वच्छलाबाई, मादी द्या."

"अवो, चुकून निंगालं तोंडातून!"

"चुकूनच निंगते. द्या."

आणि मादी काखेत मारून ती पाटलांच्या गल्लीतून सरळ निघाली. मादी वरडत होती. कौशल्याबाईही वरडत होती. कारण काय झालं ते दोघींनी मिळून सगळ्या गावाला सांगितलं. खुशालरावाला सकाळच्या पोळीबरोबर बदकाच्या अंड्याची सवय लागली होती. आठ दिवस त्याने नुसतं पिठलं खाल्लं. नवव्या दिवशी तो स्वतः बुधाजीच्या दारात आला, आकाशाकडे बघत म्हणाला, "घोगऱ्या एकटा पडला हो आमचा." मादी परत मिळाली. त्यानंतर पाटलांच्या गल्लीत जुना शब्द कोणी उच्चारल्याचा दाखला नाही.

सावळखेड आटोक्यात आलं. अकोटचं काही सांगता येत नव्हतं. बुधाजी दर बाजाराला टोपली घेऊन तिकडे जात होता, कौशल्याबाई "घोगऱ्या घ्या, घोगऱ्या!" असा पुकारा करत होती, माणसं घेतही होती. पण घरी नेऊन त्याला काय म्हणतात, हे कोण पाहायला जाणार? किसनरावाला तर त्याने दोन माद्या दिल्या होत्या. कारण अकोटमध्ये जुन्या शब्दाचं मूळ तोच होता. किसनरावाने माद्या घेतल्या, मिशीत हसला, आणि हो किंवा नाही काहीच बोलला नाही.

दिवाळीच्या दहा दिवस आधी मोहरील अकोटला आले. जिनिंगच्या हंगामाचा बाजार, कापसाच्या गाड्या रस्ताभर उभ्या. बुधाजी टोपली घेऊन बाजाराच्या कुंपणाशी उभा राहिला. कौशल्याबाईला त्याने बजावलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. तिने पदराचं टोक दातात धरून ठेवलं होतं.

मोहरीलांनी पहिल्यांदा एका भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, "बदकच म्हणतो बाप्पा, अजून काय म्हणाव?" हा पुरावा कोणाच्याच बाजूचा नव्हता. दुसरा माणूस म्हणाला, आपल्याकडे बकऱ्या आहेत. मग मोहरीलांनी वहीतला कागद काढला आणि विचारत विचारत ते किसनरावाच्या दुकानापाशी गेले. अकोटचा तक्ता त्याच्याच तोंडून भरला गेला होता. पायरीशी दोन माद्या आणि एक नर उष्टं वेचत होते.

बुधाजी पाच-सहा हातांवर, कापसाच्या गाडीआड उभा होता. टोपलीची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"याला काय म्हणता तुम्ही?" मोहरीलांनी नराकडे बोट केलं.

किसनरावाने कागदाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पानाची पिंक टाकली. बुधाजीला ती पिंक फार लांब वाटली.

"घोगऱ्या."

"कशावरून?"

"आवाज ऐका नं. घोगरा हाय. दुसरं काय म्हणसान त्याले?"

मोहरीलांनी लिहून घेतलं. मग लेखणी वर धरून म्हणाले, "पण तक्त्यात तुमच्याकडून 'बुधाजी' असा शब्द आला होता. तो?"

"थे?" किसनराव म्हणाला. "थे तं माणसाचं नाव हाय साहेब. आमच्या भाटव्याच्या गावचे हायेत. बदकाईची पारख हाय त्याईले. वरडते थे मादी अन् गप बसते थो नर, हे या मुलखात पह्यल्यांदा त्याईनं सांगितलं. आमी तं अंडे देणारी मादी कापाले बसलो होतो."

मोहरीलांनी आधीची ओळ खोडली. एकदा खोडून त्यांचं समाधान झालं नसावं. पट्टी ठेवून दुसऱ्यांदा खोडली. गाडीआड कौशल्याबाईने पदर दातांतून सोडला. तिला काहीतरी मोठ्याने म्हणायचं होतं, पण बुधाजी कापसाच्या गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला होता, म्हणून ती आधी पाणी आणायला गेली.

पुस्तक चौसष्टच्या उन्हाळ्यात आलं. पातळ, करड्या पुठ्ठ्याचं. शेषराव गुरुजी ते घेऊन आपण होऊन बुधाजीच्या घरी आले; त्या तक्त्यापासून त्यांना त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. अंगणात बाजेवर बसून त्यांनी पान काढलं आणि वाचलं, "घोगऱ्या, पुल्लिंगी. बदकाचा नर. घोगऱ्या आवाजावरून. सावळखेड, अकोट."

"अजून?"

"इतकंच."

"कारणात कोण्या इसमाचं काई?"

"काही नाही."

बुधाजीने पुस्तकाकडे बोट केलं. "गुर्जी, सारं वाचा. पह्यलेपासून."

"अहो, चाळीस पानं आहेत. सगळे पक्षी आहेत."

"वाचा."

गुरुजींनी वाचलं. कावळा, कोकिळा, खंड्या वाचला. घार वाचली. टिटवी, तितर, पारवा, पिंगळा झाला. कौशल्याबाईने मधेच घुबडाची खातरजमा पुन्हा करून घेतली, कारण खुशालराव काहीही सांगू शकतो, असं तिचं म्हणणं होतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. साळुंकी झाली, सुतार झाला, आणि शेवटचा होला संपवून गुरुजींनी पुस्तक मिटलं.

"नाही," ते म्हणाले. "बुधाजी, एकाही पक्ष्यात तुम्ही नाही."

बुधाजीने बाजेच्या कडेला पाठ टेकवली आणि डोळे मिटले.

"बरं झालं बाप्पा," तो म्हणाला.